गॅरेजमधला नळ

पहिला ग्लास नुसत्या फेसाचा आला. दुसराही तसाच. ऑनसाइटवर डेन्व्हरला असताना एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये फ्रीजच्या दाराला बसवलेला बिअरचा नळ मी पहिल्यांदा पाहिला. यजमान ओशाळून म्हणाला, "लाइन छोटी पडली." मला वाटलं, हा इंटरनेटबद्दल बोलतोय. तो बोलत होता केगपासून नळापर्यंतच्या प्लास्टिकच्या नळीबद्दल.

त्या नळीमागचा नियम १८०३चा आहे. द्रवात किती वायू विरघळणार हे त्यावरच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं, असं मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने दाखवलं. आपण तो बारावीला मार्कांपुरता पाठ करून विसरतो. बिअर तीन-चार अंशांवर आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब दहा-बारा पीएसआय ठेवला, की हवा तेवढा वायू बिअरमध्ये टिकतो. पण नळाच्या तोंडाशी येईपर्यंत तो दाब हळूहळू उतरायला हवा. म्हणून दोन-तीन मीटर बारीक नळी वेटोळं करून आतच ठेवायची. ती आखूड असली, तर बिअर उसळते आणि सगळा वायू ग्लासात सुटतो.

हे सगळं घरी करायची मुभा अमेरिकेत तशी अलीकडची. तिथली दारूबंदी १९२०मध्ये लागू झाली, १९३३मध्ये उठली. त्यानंतर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअरला मात्र नाही. ती मिळायला पंचेचाळीस वर्षं लागली! १४ ऑक्टोबर १९७८ला जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. कर नाही, पण विकायची नाही. त्याच डिसेंबरात चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी बोल्डरमध्ये होमब्रुअर्सची संघटना काढली. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी हो म्हणायला २०१३ उजाडलं.

कायद्याने बिअर दिली, नळ नाही. पाच गॅलन बिअर म्हणजे पन्नासेक बाटल्या धुवा, भरा, साखर घाला, बुचं लावा, दोन आठवडे थांबा. साखर जास्त झाली, तर कपाटात स्फोट. यातून सुटका केली ती कोलावाल्यांच्या भंगाराने. रेस्तराँमधल्या सोडा मशीनसाठीचा पाक तेव्हा पाच गॅलनच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या, स्टीलच्या टाक्यांतून यायचा. त्यांना कॉर्नेलियस केग म्हणतात. पुढे तो पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागला आणि टाक्या मोडीत निघाल्या. झाकण हात आत जाईल एवढं रुंद, दाब सहन करणारी, घासूनपुसून लख्ख होणारी टाकी कवडीमोलाने मिळतेय म्हटल्यावर होमब्रुअर्स तुटून पडले. त्यांच्यात आजही दोन जाती आहेत. पेप्सीकडून आलेल्या बॉल लॉक, कोककडून आलेल्या पिन लॉक. एकीची जोडणी दुसरीला बसत नाही. आपल्या चार्जरांसारखंच.

माझ्या यजमानाचा हा दुसरा प्रयत्न होता. आधी त्याने डीप फ्रीझरच्या भिंतीत ड्रिल घातलं होतं. थंडाव्याच्या नळ्या त्याच भिंतीत असतात. ड्रिल नेमकं नळीत गेलं, फुस्स आवाज आला आणि फ्रीझर संपला. जाणकार लोक झाकणाखाली लाकडी चौकट बसवून नळ तिच्यात लावतात.

पुण्याला परतताना मी एक केग सामानात आणला. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. मग बाल्कनीतल्या जुन्या फ्रीजमध्ये मी साधं पाणी भरून गॅस जोडला. १७६७च्या सुमारास लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली शेजारच्या ब्रुअरीत जाऊन आंबणाऱ्या पिंपांवर पाण्याचं भांडं धरायचा आणि त्यात पिंपातला वायू मुरवायचा. सोडा वॉटरची सुरुवात तिथली. माझ्याकडे नळाला सोडा येतो. आई त्यात कोकम आगळ घालते आणि पहिला ग्लास फेसाचा आला की मलाच बोलते.