माहुआंगची काडी आणि अमेरिकेचा कायदा

इ. स. १९७२ सालीं म्युनिक येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत ४०० मीटर पोहण्याची शर्यत रिक डिमाँट नांवाच्या १६ वर्षांच्या अमेरिकन मुलानें एका सेकंदाच्या शंभराव्या अंशानें जिंकली, आणि थोड्याच दिवसांत त्याचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. त्याच्या लघवींत एफेड्रीन सांपडलें होतें. या मुलाला दम्याचा विकार होता. औषध तो डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेई, आणि तसें त्यानें आपल्या कागदांत लिहूनही दिलें होतें. संघाच्या डॉक्टरांनीं ती माहिती वर पोंचविली नाहीं. अपराध झाला तो एवढाच, आणि तोही त्याचा नव्हे. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं तेंच द्रव्य त्याच्याच देशांत, औषध म्हणून नव्हे तर खाद्यपदार्थ म्हणून, दुकानोदुकानीं, फार काय पेट्रोल पंपावरही, बाटल्या भरभरून विकलें जाऊं लागलें! हा उलटा न्याय कसा घडून आला, त्याची कथा मनोरंजक आहे, आणि तितकीच खेदजनकही आहे.

एफेड्रा हें एक रुक्ष प्रदेशांत उगवणारें झुडूप आहे. पानें इतकीं बारीक, कीं दिसायला सारें झुडूप म्हणजे केवळ हिरव्या काड्यांचा जुडगा. चिनी वैद्य त्याला माहुआंग म्हणतात व सर्दी, खोकला, दमा यांवर त्याचा काढा फार प्राचीन काळापासून देत आले आहेत. पारशी लोकांच्या यस्नविधींत होमाच्या म्हणून ज्या काड्या वापरतात त्या याच जातीच्या होत. आणि वेदांतील सोम तो हाच, असेंही कांहीं पंडितांचें मत आहे. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १८८५ सालीं या वनस्पतींतून एफेड्रीन वेगळें काढलें. पण पाश्चात्य वैद्यकाचें त्याकडे खरें लक्ष गेलें तें १९२४ सालीं, पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील चेन व श्मिट या दोघांनीं त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केल्यावर. या द्रव्यानें श्वासनलिका मोकळ्या होतात, हें खरें. पण त्याचबरोबर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदय जलद चालूं लागतें व शरीरांतील उष्णता वाढते. दमेकऱ्याला मोजून दिलेली मात्रा ही एक गोष्ट. भर उन्हांत धांवणाऱ्या तरुणानें कॉफींतील कॅफीनच्या जोडीनें ती घ्यावी, ही अगदीं निराळी.

अमेरिकेंतील औषधांचे कायदे माणसें मेल्यावर झाले आहेत. १९३७ सालीं सल्फानिलामाइड हें औषध एका विषारी द्रवांत विरघळवून विकलें गेलें व शंभरावर लोक दगावले. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. लगेच दुसऱ्या वर्षीं कायदा झाला, कीं नवें औषध निर्धोक असल्याचा पुरावा आधीं, विक्री नंतर. हें तत्त्व औषधांना लागू झालें. परंतु जीवनसत्त्वें, वनस्पतींच्या गोळ्या व पहिलवानांच्या पुड्या यांचे उत्पादक म्हणत, आमचा माल औषध नव्हे, अन्न आहे. १९७६ सालीं जीवनसत्त्वांच्या मात्रेवर मर्यादा घालण्याचा अन्न व औषध प्रशासनाचा अधिकार काढून घेण्यांत आला. प्रशासनानें पुन्हां डोकें वर काढलें तेव्हां, १९९३ सालीं, दुकानदारांनीं आपल्या मालावर काळीं वस्त्रें घालून निषेध केला. सरकार तुमच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या हिरावून घेणार, अशी हाकाटी झाली, आणि सामान्य लोकांनीं कायदेमंडळावर पत्रांचा पाऊस पाडला. या धंद्याचें मोठें केंद्र असलेल्या यूटा संस्थानचे सेनेटर ऑरिन हॅच यांनीं पुरस्कारिलेला कायदा २५ ऑक्टोबर १९९४ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें अमलांत आला. त्याचें मर्म असें कीं, माल निर्धोक आहे हें विक्रेत्यानें सिद्ध करावयाचें नाहीं. तो धोक्याचा आहे हें सरकारनें सिद्ध करावयाचें, आणि तेंही माल बाजारांत गेल्यावर. विक्रेत्यानें बाटलीवर एवढें छापलें म्हणजे पुरे, कीं या विधानाची प्रशासनानें तपासणी केलेली नाहीं. बारीक अक्षरांतील तें वाक्य कितीजणांनीं वाचलें असेल?

एफेड्राच्या गोळ्यांचा खप वाढला. वजन उतरविण्यासाठीं स्त्रिया घेत, अंगांत जोम यावा म्हणून खेळाडू घेत. १९९७ सालीं प्रशासनानें दर खेपेची मात्रा ८ मिलिग्रॅमच्या आंत ठेवण्याचा व सात दिवसांहून अधिक सेवन न करण्याचा नियम सुचविला. त्यास पुरेसा आधार नाहीं, असें सरकारच्याच हिशेबतपासणी कचेरीनें १९९९ सालीं म्हटलें, आणि पुढच्या वर्षीं नियमाचा हा भाग मागें घेतला गेला. आधार मिळावा कोठून? ग्राहकांच्या तक्रारी कळविण्याचें बंधनच उत्पादकांवर नव्हतें. २००२ सालीं एका बड्या कंपनीनें आपल्या दप्तरांतल्या तक्रारी अखेर सरकारच्या हवालीं केल्या, तेव्हां त्या १३ हजारांवर भरल्या.

१६ फेब्रुवारी २००३ रोजीं फ्लोरिडांतील फोर्ट लॉडरडेल येथें बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा सराव चालला असतां स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा चेंडूफेक्या कोसळला. त्याच्या अंगाचा ताप १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला होता. दुसऱ्या दिवशीं तो गेला. तो एफेड्राच्या गोळ्या घेत असे. त्याचें वजन जास्त होतें, रक्तदाबाची तक्रार होती, अन्न त्यानें बेताचेंच घेतलें होतें व हवा दमट होती, हेंही नमूद केलें पाहिजे. तथापि मृत्यूच्या कारणांत एफेड्राचा वांटा मोठा, असा शवचिकित्सकाचा निर्णय झाला. त्याच महिन्यांत रँड या संशोधनसंस्थेचा अहवाल बाहेर आला. गोळ्यांनीं महिन्याकांठीं सुमारें दोन पौंड वजन अधिक उतरतें, खेळांतील कर्तबगारी वाढते याला मात्र पुरावा जवळजवळ नाहीं, असा त्याचा आशय. दोन पौंडांसाठीं एवढें साहस! मे महिन्यांत इलिनॉय संस्थानानें पहिली बंदी घातली. प्रशासनाचा देशव्यापी नियम १२ एप्रिल २००४ पासून लागू झाला. १९९४ च्या कायद्याखालीं बंद झालेला हा पहिला पदार्थ. त्याला साडेनऊ वर्षें लागलीं.

प्रकरण तेवढ्यानें मिटलें नाहीं. कमी मात्रेचा धोका सरकारनें सिद्ध केलेला नाहीं, असें यूटामधील न्यायाधीशांनीं २००५ सालीं ठरविलें. २००६ च्या ऑगस्टमध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला व बंदी कायम केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा होऊन गंभीर अपायाची प्रत्येक तक्रार कामाच्या १५ दिवसांच्या आंत कळविणें उत्पादकांवर बंधनकारक झालें. दरम्यान दुकानांतल्या बाटल्यांवर ‘एफेड्राविरहित’ हीं अक्षरें ठळक झळकूं लागलीं होतीं. त्यांपैकीं कांहींत कडू संत्र्याच्या सालीचा अर्क असे. त्यांतील सिनेफ्रीन हें एफेड्रीनचें भावंडच. पुढें पुड्यांतून डीएमएए नांवाचें द्रव्य शिरलें. नाक मोकळें करण्याचें औषध म्हणून तें १९४० नंतरच्या दशकांत निघालें होतें. २०१२ सालीं प्रशासनाला त्याविषयीं पुन्हां विक्रेत्यांना इशाऱ्याचीं पत्रें लिहावीं लागलीं.