दोन संगणक-कंपन्या आणि त्यांचे भागधारक

धंदा भरभराटींत असतां भागधारकाचा सल्ला कोणी विचारीत नाहीं; धंदा बुडूं लागला म्हणजे मात्र प्रत्येक भागधारक वैद्य होतो. या वैद्यकीचें मोल किती, हें अमेरिकेंतील दोन संगणक-कंपन्यांच्या इतिहासावरून पाहतां येतें.

पहिली आय. बी. एम. मोठ्या संगणकांच्या बाजारांत हिचा शब्द म्हणजे कायदा होता. पण लहान, स्वस्त यंत्रांची लाट आली, आणि १९९२ सालीं कंपनीला सुमारें ५०० कोटि डॉलर तोटा आला. पुढील वर्षीं तो ८०० कोटींवर गेला. १९९३ च्या जानेवारींत लाभांश निम्म्याहूनहि खालीं आणण्यांत आला. हे भाग म्हातारपणची काठी म्हणून जपणाऱ्यांच्या पायांखालची वाळू सरकली. हा हत्ती आतां उठत नाहीं, याचे तुकडे करावे, असें पुष्कळांचें मत झालें. खुद्द अध्यक्ष जॉन एकर्स यांनींच कंपनी स्वतंत्र घटकांत वांटण्याचें काम आरंभिलें होतें.

एप्रिलमध्यें त्यांच्या जागीं लुई गर्स्टनर आले. हे गृहस्थ बिस्किटें व सिगारेटी करणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. यंत्रविद्येशीं त्यांचा संबंध तो गिऱ्हाइकाचा. परंतु त्यामुळेंच एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: मोठ्या पेढीला दहा दुकानांचे सुटे भाग नको असतात, ते जोडून चालते करून देणारा हवा असतो. त्यांनीं वांटणी थांबविली, मोठ्या यंत्रांच्या किंमती उतरविल्या, सेवेचा धंदा वाढविला. १९९४ सालीं कंपनीला सुमारें ३०० कोटि डॉलर नफा झाला.

दुसरी कंपनी डिजिटल इक्विपमेंट. केन ओल्सेन यांनीं एका सहकाऱ्यासह ती १९५७ सालीं मॅसॅच्युसेट्समधील मेनार्ड गांवीं, लोकरीच्या जुन्या गिरणींत सुरू केली. १९९२ सालीं तोट्याच्या भरांत त्यांना पद सोडावें लागलें. त्यानंतर कंपनीनें एक एक अंग विकलें: डिस्कचा धंदा क्वांटमला, डेटाबेसचा ओरॅकलला, पुढें चिपचा कारखाना इंटेलला. उरलेली कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅकनें सुमारें ९६० कोटि डॉलरांना घेतली. आणि २००२ सालीं कॉम्पॅकच ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली.

यावरून विक्री म्हणजे विनाश, असा सिद्धांत काढणें घाईचें होईल. आय. बी. एम.जवळ साधनसंपत्ति अधिक होती. आणि २००५ सालीं तिनेंहि आपला लहान संगणकांचा धंदा लेनोव्होला विकलाच. परंतु तेव्हां काय ठेवावयाचें हें आधीं ठरलें होतें. भागधारकांचें भय खोटें नव्हतें. चुकलें तें औषध. भागांचा पडलेला भाव रोग किती बळावला तें सांगतो, उपाय सांगत नाहीं. उपाय गिऱ्हाइकाला विचारावा लागतो: आम्ही उद्यां नसलों, तर तुमचें काय अडेल?

आणि या यशाचीहि किंमत विसरूं नये. १९८० नंतरच्या दशकांत आय. बी. एम.चे नोकर ४ लाखांवर होते. १९९४ च्या अखेरीस ते सुमारें २ लाख २० हजार उरले. हडसन नदीकांठच्या पोकीप्सी, किंग्स्टन यांसारख्या गांवीं नोकरी म्हणजे जन्माची सोबत, असें मानणारीं कुटुंबें उघड्यावर पडलीं. भागधारकाला त्याचा लाभांश पुन्हा वाढून मिळाला. त्या कुटुंबांना तो विश्वास परत मिळाला नाहीं.