शून्य विभागाची कुळकथा

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शेजारच्या वाशिम जिल्ह्यालाही हादरा जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चच्या पहाटे हिंगोलीकडचीच जमीन हलली होती. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर जमिनीखालचे गूढ आवाज कैक वर्षांपासून ऐकत आले आहेत. अशा वेळी वाशिमकराला प्रश्न पडतो, की हिमालय हजारेक किलोमीटर दूर, पायाखाली काळा पाषाण, मग आपल्याकडे भूकंपाचं काय काम?

आपल्याकडे भूकंप होत नाही, हा विश्वास काही अडाणीपणाचा नव्हता. सरकारी नकाशांनीच तो दिला होता.

१५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरला आणि पुढच्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशाचा पहिला भूकंप-नकाशा काढला. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेचा नकाशा आला. त्यात शून्यापासून सहापर्यंत सात विभाग होते. दख्खनचं पठार बहुतेक तळाच्या विभागांत होतं. पद्धत सोपी होती. पूर्वी कुठे भूकंप झाल्याची नोंद आहे ते बघायचं आणि तिथे रंग गडद करायचा. जिथे नोंद नाही, तिथे भीती नाही.

११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली. तिथल्या जलाशयाच्या पाण्याने खडकातला ताण मोकळा व्हायला हातभार लावला, असं आज मानतात. योगायोग असा, की त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ३० डिसेंबरला, मॅकेन्झी आणि पार्कर यांचा भूपट्टांवरचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. पृथ्वीचं कवच ताठ पट्टांचं आहे आणि ते एकमेकांना ढकलत, घासत सरकतात, ही कल्पना त्या सुमारास गणितात बसली. कोयनेनंतर आलेल्या १९७० च्या नव्या नकाशातून शून्य विभाग कायमचा गेला. मला हा त्या नकाशाचा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

पण पट्टांच्या सिद्धान्तातही एक फट होती. भूकंप व्हायचे ते पट्टांच्या कडांवर, असं तो सांगत होता आणि आपण तर भारतीय पट्टाच्या पोटात. हा पट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला भिडून अडतो. हा रेटा फक्त हिमालयातच जिरत नाही, तो मागेही पोचतो. बसायच्या पाटाला दोन्ही टोकांनी दाबलं तर आधी बोलते ती त्यातली जुनी चीर. आपल्याकडे अशा चिरा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाखाली झाकल्या गेल्या आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणाने अडकून राहतात आणि ताण साठत जातो. तो घर्षणापेक्षा जड झाला की खडक झटक्यात घसरतात आणि लाटा सुटतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञ रीड यांनी जे मांडलं, ते हेच.

पट्टाच्या पोटात हा ताण फार हळू साठतो. एकाच जागी पुन्हा मोठा धक्का यायला हजारो वर्षंही लागू शकतात. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या ताम्रपटाचा काळ चौथ्या शतकापर्यंत मागे जातो. खडकाच्या हिशेबात तोही कालपरवाचाच, मग शे-दोनशे वर्षांच्या नोंदींवर काढलेल्या नकाशाची काय कथा?

३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपात कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. नकाशात किल्लारी तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागात होती. पुढे तिथे भोक पाडून पाहिलं तेव्हा ३३८ मीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली गाळाचा पातळ थर सोडला की अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. धक्का त्याच्याही खालून, काही किलोमीटर खोलीवरून आला होता.

२००२ च्या नकाशात लातूर तिसऱ्या विभागात गेलं आणि पहिला विभाग दुसऱ्यात मिसळला. आता यादी दोनपासून सुरू होते.