पांढरकवड्यातली पांढर

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या नावाचा सरळ अर्थ पांढरा कवडा. पण आपला कवडा राखी-तपकिरी. कवडीवरून नाव पडलं म्हणावं, तर कवडी पांढरी असतेच, ते वेगळं कोण सांगेल? माझ्या मते ही ‘पांढर’ रंगाची नव्हेच.

जुन्या कागदांत काळी-पांढरी जोडीनं येते. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा झिजून काळी झाली; आमची पऱ्हाटी तिच्यावरच. पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणून माणसं उंचवट्यावर राहिली. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, हाडं, पडक्या भिंती तिथंच साचल्या आणि माती पांढुरकी झाली. पाटलाची गढी याच मातीची. सारा काळीवर, पण तो वसूल करणारा पांढरीत.

प्राचीन इजिप्ती लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी जमीन. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. नाईल दर वर्षी नवा गाळ आणी, आमची काळी आहे तीच, हा फरकही खराच. मला चकित केलं ते ‘सबाख’नं. जुन्या वस्त्यांच्या टेकाडांची माती तिथले शेतकरी खत म्हणून खणून नेत, तीच सबाख. 1887 साली अमार्नाला राजाराजांची पत्रं कोरलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्या सबाख खणणाऱ्या एका बाईला, असं सांगतात. आणि इथं? गढी ढासळली की बाया टोपल्या घेऊन जातात. धाब्यावर घालायला, भिंती पोतारायला तीच माती. टोपलीत खापर, बांगडीचा तुकडा हटकून येतो. तो वेचून उकिरड्यावर फेकायचा, की काम सुरू.

उरला ‘कवडा’. गढीचं ‘कवाड’ बोलता बोलता कवडा झालं, असा माझा तर्क. पुरावा नाही, पण पांढऱ्या पक्ष्यापेक्षा बरा.

तुमच्या गावची गढी ट्रॅक्टरनं उचलली जात असेल, तर एकदा ट्रॉलीत डोकावा. जमिनीत 10 रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा 1878 चा आहे.