महाडचा दावा क्रमांक ४०५

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यासमोरचे एक अपील खर्चासह फेटाळले गेले. अपील करणारे होते नरहरी दामोदर वैद्य आणि महाडचे इतर सवर्ण रहिवासी. समोर होते भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. वाद होता महाडच्या चवदार तळ्याचा. या निकालाबद्दल आपल्याकडे एक समजूत रूढ आहे: उच्च न्यायालयाने समतेचे तत्त्व मान्य केले आणि तळे सर्वांना खुले केले. तळे खुले झाले, हे खरे. पण निकालपत्र वाचले तर समतेच्या तत्त्वावर तो उभा नाही. तो उभा आहे पुराव्यावर, किंवा पुरावा नसण्यावर. मला तर याच कारणासाठी महाडची कहाणी अधिक मोठी वाटते. सभा, मोर्चा, ओंजळभर पाणी हे सगळे झाल्यावर दहा वर्षे कुणीतरी कागद सांभाळले, कैफियती लिहिल्या, साक्षीदारांची उलटतपासणी केली. ती दहा वर्षे सहसा सांगितली जात नाहीत.

कागदांच्या क्रमाने जाऊ. पहिला कागद महाडचा नाही, मुंबईचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकार चालवत असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. दुसरा कागद महाड नगरपालिकेचा, जानेवारी १९२४ चा. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आला तो १९२७ च्या आधी तीन वर्षे. या तीन वर्षांत अस्पृश्यांपैकी कुणी तळ्यावर पाणी भरल्याची नोंद नाही. मुसलमान तिथे जात, ख्रिस्ती जात, गुरे जात. ठराव दप्तरात पडून राहिला.

त्यानंतर येते १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. हे दोन दिवस पुन्हा उभे करायचे तर साधने बरीच आहेत, आणि ती एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ ला सुरू केलेले ‘बहिष्कृत भारत’ हे सर्वांत जवळचे साधन. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे परिषदेच्या संघटकांपैकी एक; त्यांच्या आठवणी त्यांच्या मुलाने पुढे पुस्तकरूपाने आणल्या. चांगदेव भवानराव खैरमोडे आणि धनंजय कीर यांची चरित्रे आहेत. उपस्थितीचा आकडा घ्या: कीर दहा हजार म्हणतात, इतर वृत्तांत अडीच-तीन हजारांवर थांबतात. तळ्यावर जाण्याचे ऐनवेळी ठरले की आदल्या रात्री विषय नियामक समितीत, याबद्दलही मतभेद आहेत. अनंत विनायक चित्रे यांनी समारोपाच्या वेळी तळ्यावर जाण्याची हाक दिली, यावर मात्र बहुतेकांचे एकमत दिसते. परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, हा कीरांनी नोंदवलेला तपशील मला कोणत्याही भाषणापेक्षा बोलका वाटतो. शेजारी चार-पाच एकरांचे भरलेले सार्वजनिक तळे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वर्गणीतून चाळीस रुपये.

पुढचा घटनाक्रम ठाऊक आहे. रविवारी, २० मार्चला मिरवणूक तळ्यावर गेली, आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, इतरांनी घेतले. दोन तासांत अशी अफवा उठली की अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परतणाऱ्या माणसांवर, जेवायला बसलेल्यांवर हल्ले झाले. दुसऱ्या दिवशी पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. जूनमध्ये मारहाणीच्या खटल्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. हक्क देणारा कागद मागे घेतला गेला. इथून लढा रस्त्यावरून दप्तरात आला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, आणि या वेळी सवर्ण मंडळी आधी कोर्टात गेली. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला: १९२७ चा दावा क्रमांक ४०५. वादींमध्ये पांडुरंग रघुनाथ धारप होते, नरहरी दामोदर वैद्य होते. चवदार तळे सवर्णांचे आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा अधिकार नाही, आणि ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. धरमतरच्या रस्त्याने बस मिळेना, म्हणून मुंबईहून आंबेडकर आणि प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले, २५ तारखेला दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. परिषदेसाठी जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने मनुस्मृतीचे दहन झाले. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी १७८९ च्या व्हर्सायच्या राष्ट्रीय सभेची आठवण करून दिली आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या त्या सभेशी महाडच्या परिषदेची तुलना केली. परिषदेनेही जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. राज्य सरकारने पुढे आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा सतरावा खंड काढला, त्यात महाडच्या प्रकरणाला दिलेले शीर्षकही हेच सांगते: हा लढा पाण्यासाठी नव्हता, मानवी हक्क स्थापन करण्यासाठी होता.

तरी तळ्याला हात लावायचा नाही, असे ठरले. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. आंबेडकरांनी त्यांना थांबवले. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले होते. हुकूम सरकारचा नव्हता, दिवाणी न्यायालयाचा होता. तो मोडला असता तर सवर्णांशी असलेला झगडा सरकारशी झाला असता. २७ तारखेला लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले आणि परतले. या निर्णयावर त्या वेळी नाराजी होती. मला हा निर्णय महाडच्या दोन्ही परिषदांतला सर्वांत अवघड आणि सर्वांत दूरदर्शी वाटतो, कारण त्यामुळे वादींना कोर्टात सिद्ध करावे लागले ते, जे त्यांनी रस्त्यावर लाठीने सिद्ध केले असते.

परिषद आटोपल्यावर आंबेडकर सहकाऱ्यांसह रायगड पाहायला गेले, असे चरित्रांत आहे. गडाच्या पायथ्याला आज हिरकणीवाडी आहे, रोपवे तिथूनच वर जातो. वाडीचे नाव ज्या गवळणीवरून पडले तिच्याबद्दल शिवकालीन कागद नाही; लोकांनी तिची गोष्ट तोंडी जपली आणि गडाच्या एका बुरुजाला तिचे नाव राहिले. लोकस्मृतीचे मोल मी कमी करत नाही. पण महाडच्या न्यायालयात नेमका हाच प्रश्न होता: कुणाची स्मृती कायद्यात टिकते? वादींची सारी भिस्त स्मृतीवर होती. वयोवृद्ध साक्षीदार येऊन सांगत, आमच्या आठवणीत अस्पृश्याने या तळ्यावर कधी पाणी भरले नाही.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल लागायला ८ जून १९३१ उजाडले. तळे खासगी नाही, सरकारी जमीन असून नगरपालिकेच्या ताब्यात आहे, असे न्यायालयाने ठरवले. अस्पृश्य तिथे जात नव्हते हे मान्य केले, पण त्यातून सवर्णांना त्यांना रोखण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही असे म्हटले. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला तेथेही हरले. मग उच्च न्यायालय. या दरम्यान आंबेडकर लंडनच्या गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकाही झाल्या. महाडचा दावा मात्र तारखांनी पुढे सरकतच राहिला.

न्या. ब्रूमफील्ड हे तेच, ज्यांनी १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. चवदार तळ्याच्या निकालपत्रात त्यांनी सरळ भूगोलातून तर्क केला. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. पाणी पावसाचे आणि झऱ्यांचे. पण घरे तिथे कायमच होती का? तळे घरांपेक्षा जुने असण्याचा संभव अधिक. भोवती सवर्णांची वस्ती होण्याआधी या पाण्यावर एकाच वर्गाचा हक्क राखण्याचा कुणी प्रयत्न केला असेल, हे संशयास्पद. मग प्रथा अनादी कशी? म्हाताऱ्यांच्या आठवणीचा काळ आणि अनादी काळ यांच्या मधली दरी वादींना भरून काढता आली नाही. प्रथा अन्याय्य आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच उरली नाही. तो प्रश्न बाजूला ठेवूनच अपील फेटाळले गेले. त्या प्रश्नाचे उत्तर १९५० मध्ये आले: संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी घातली आहे. त्या यादीतला ‘तलाव’ मला महाडपासून वेगळा काढून वाचता येत नाही.

हे सगळे आज सांगता येते ते कुणामुळे? खैरमोडे सचिवालयात नोकरी करणारे कर्मचारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी आंबेडकरांचे अनेकखंडी चरित्र उभे केले, पहिला खंड १९५२ चा. वसंत मून महसूल खात्यातले अधिकारी; सरकारी समितीचे काम अंगावर घेऊन आंबेडकरांचे पेट्यांत पडलेले कागद त्यांनी बाहेर काढले, १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांच्या जुन्या अंकांचे पुनर्मुद्रण करून ते सर्वांच्या हाती दिले. महाडच्या दाव्याची कागदपत्रे सतराव्या खंडात २००३ मध्ये आली. २०१६ मध्ये आनंद तेलतुंबडे यांचे महाडवरचे इंग्रजी पुस्तक आले, ज्यात मोऱ्यांची साक्ष, ‘बहिष्कृत भारत’ आणि कोर्टाचे दप्तर शेजारी ठेवून तपासले आहे. तेच तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० पासून २६ नोव्हेंबर २०२२ पर्यंत भीमा कोरेगाव प्रकरणात कोठडीत होते. संशोधन हा आपल्याकडे सुखाचा पेशा नाही. मानवी हक्कांचे संशोधन तर नाहीच.

कागदाच्या जोडीला नंतर कॅमेरा आला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. महामार्गावरचे गॅसचे टँकर जमाव पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या झोपडपट्टीवासीयांवरच्या माहितीपटात घोगरे गायले होते. पटवर्धनांनी त्या मृत्यूपासून चित्रण सुरू केले आणि ते चौदा वर्षे चालले. २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला, तीन तासांहून लांब. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. महाडला उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे लागली, घाटकोपरला सत्र न्यायालयापर्यंतच बारा. एवढ्या काळात साक्षीदार थकतात, घरे बदलतात, मरतात. चौदा वर्षे त्याच वस्तीत परत परत जाणारा कॅमेरा त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून राखून ठेवतो. दाव्याच्या कागदात साक्षीदार वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देतो. माहितीपटात त्याला स्वतःचा प्रश्नही विचारता येतो.

मार्च २०२७ ही महाडच्या पहिल्या परिषदेची शताब्दी. स्मारकावर हार पडतील, ते पडावेतच. पण त्याआधी कुणी तरुण संशोधकाने, कुणी कॅमेरा हाती असलेल्या मुलीने महाड आणि पोलादपूरच्या गावांत बसावे. जुन्या दप्तरात जिल्हा ‘कुलाबा’ आहे. ‘रायगड’ हे नाव १९८१ चे, शोधताना ते लक्षात ठेवावे. दासगाव, लाडवली, नाते, पाचाड, हिरकणीवाडी: घराघरांत विचारावे की पणजोबा मार्चमध्ये गेले होते की डिसेंबरमध्ये, पायी की होडीने, रात्री कुठे राहिले, कोण जखमी झाले. परतल्यावर गावाने बलुते बंद केले का, कुळाची जमीन काढून घेतली का, मेलेले ढोर ओढायचे आपण केव्हा सोडले. डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकर स्त्रियांच्या सभेतही बोलले होते, लुगडे कसे नेसावे, मुलींना शाळेत घाला, असे. त्या सभेत ज्या बसल्या होत्या त्यांची नावे वृत्तांतांत सापडत नाहीत. पणज्यांची नावे निदान त्यांच्या नातींकडून तरी लिहून घेतली पाहिजेत.