डालड्याच्या डब्यातली बाग

बागांचा इतिहास म्हटला की मुघलांची चारबाग आठवते. छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचं औरंगाबाद) सतराव्या शतकातला बीबी का मकबरा अशाच बागेत उभा आहे. पण ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांच्या बागेचं काय?

ती डब्यात होती. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि ताडाच्या झाडाचं चित्र असलेला पिवळा पत्र्याचा डबा हळूहळू घरोघरी पोहोचला. वनस्पती तूप संपलं की डब्यात डाळ-तांदूळ राहायचे. गंज चढला की बुडाला खिळ्याने चार भोकं, तळाशी फुटक्या कौलाचे तुकडे, वर माती आणि शेणखत. आमच्या कोडोलीसारख्या गावांत मग उंबऱ्याजवळ पुदिना, मोगरा, कोरफड वाढायची. शेजारच्या दारात तशाच डब्यात तुळस असायची. तांब्याच्या भांड्याच्या नशिबी हे नव्हतं. त्याला कलई व्हायची, नाहीतर ते मोडीत जायचं.

पुढे प्लॅस्टिक आलं आणि पत्र्याचा डबा दिसेनासा झाला. बादशहांच्या बागांवर पुस्तकं आहेत. बायकांनी हातभर जागेत फुलवलेल्या या बागांची नोंद फक्त दादी-नानींच्या आठवणीत आहे. त्या आहेत तोवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा. हाही आपलाच इतिहास आहे.