कॉम्प्रेसरचा लगाम

सुपरमार्केटमध्ये दुधाच्या, आईस्क्रीमच्या कपाटांपुढून आपण नेहमी जातो. ती गार ठेवणारी यंत्रं असतात मागच्या खोलीत, नाहीतर छपरावर. तिकडे गिऱ्हाईक कशाला फिरकेल? माझी नोकरीची बरीच वर्षं मात्र त्याच खोल्यांत गेली. तिथे काम करताना या धंद्याच्या इतिहासातली एक गंमत लक्षात आली. कॉम्प्रेसरला गरजेप्रमाणे हळू किंवा जोरात चालवणं सुरुवातीला माणसाला येत होतं. मग ते हातचं गेलं, आणि परत यायला पाऊणशे वर्षं लागली.

मुळात हळू चालवायचं कशाला? कॉम्प्रेसर थंड कॉइलमधला गॅस ओढतो आणि दाबून पुढे पाठवतो. यंत्र निवडताना वर्षातला सगळ्यात कडक उन्हाळ्याचा दिवस धरावा लागतो. म्हणजे जानेवारीच्या रात्री दोन वाजता, दुकानात चिटपाखरू नसताना, तेच यंत्र गरजेपेक्षा कितीतरी मोठं ठरतं. त्याला तसंच चालू दिलं तर कॉइलमधला दाब उतरत जातो, दाबाबरोबर तापमान उतरतं, कॉइलवर बर्फाचे थर चढतात आणि कपाटातलं दूध गोठतं.

बोस्टनहून १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला बर्फ गेला, पुढे मुंबईलाही जाऊ लागला, तेव्हा ही कटकट नव्हती. भुशात गुंडाळा, दार बंद करा, झालं! यंत्राने गारवा करण्याचं पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये लंडनला घेतलं. १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावी जेम्स हॅरिसन या वर्तमानपत्राच्या संपादकाने ईथरवर चालणारं बर्फाचं यंत्र उभं केलं. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची यंत्रं म्युनिकच्या बिअर कारखान्यात लागली. ही यंत्रं वाफेच्या इंजिनावर चालत, आणि वाफेचं इंजिन मोठं समजूतदार. झडप थोडी फिरवली की ते हळू होतं. पाळीवरचा माणूस दाबाचा काटा पाही, परतीच्या नळीवर हिम कुठवर चढलंय ते हात लावून बघे आणि त्याप्रमाणे झडप फिरवी. यंत्र अवाढव्य, पण लगाम माणसाच्या हातात.

मग विजेची मोटर आली. स्वस्त, लहान, कोळसा नको की बॉयलर नको. पण साध्या एसी मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला. अमेरिकेत ६० सायकल्स, म्हणून चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १७५० फेरेच मारणार. चालू किंवा बंद, तिसरी गोष्ट नाही.

नेमक्या याच काळात दुकानं बदलली. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला क्लॅरेन्स बर्ड्सआयचे गोठवलेले पदार्थ दुकानांत विकायला आले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘किंग कलन’ हे सुपरमार्केट उघडलं. किराणा दुकानात पाळीवर इंजिनिअर कोण ठेवणार? यंत्राने स्वतःच सुरू व्हायचं, स्वतःच थांबायचं.

यावरचा तोडगा होता प्रेशर स्विच: एक छोटा भाता, एक स्प्रिंग आणि विजेचे दोन संपर्क. मला आजही त्याचं कौतुक वाटतं. कॉइलमध्ये द्रव आणि वाफ एकत्र असताना दाब कळला की तापमान कळलं, वेगळा थर्मामीटर नको. आर-१२ गॅसचा दाब ३७ पौंड असेल तर कॉइल ४० अंश फॅरेनहाइटला. म्हणजे तिच्यावरचं हिम वितळलेलं. म्हणून दुधाच्या कपाटाचा कट-इन त्याच्या आसपास लावायचा. हिम उतरल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. जुन्या मेकॅनिकना असे आकडे पाढ्यांसारखे पाठ असत. मॉन्ट्रियल करार १९८७ चा; त्यानुसार १९९५ अखेर अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन थांबलं आणि मंडळींना नवे पाढे घोकावे लागले.

पण चालू-बंदची किंमत मोजावी लागते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. बंद असताना तेलात गॅस मुरतो. सुरू होताच तो फसफसतो, तेल फेसासारखं बाहेर जातं आणि बेअरिंग कोरडी पडतात. तासाला असं वीस वेळा होऊ लागलं तर दणकट यंत्रसुद्धा फार टिकत नाही.

आणि स्विच सारखा पडतोय म्हणून त्यालाच दोषी धरणारेही भेटतात. एका देशी किराणा दुकानात मालकांनी वायर जोडून स्विच बाद केला होता. खरं दुखणं गॅसच्या गळतीचं. या कॉम्प्रेसरची मोटर परतीच्या गॅसनेच गार राहते. गॅस नाही, तर ती तापत गेली आणि जळली. तेही दिवाळीच्या आठवड्यात. फ्रीझरभर ओलं खोबरं आणि पराठे टाकून द्यावे लागले. “अहो, गार तर होत होतं,” असं ते मला परत परत सांगत होते.

मधल्या काळात पुष्कळ युक्त्या निघाल्या. काही सिलिंडरांच्या झडपा उचलून धरायच्या, म्हणजे ते नुसते हलतात, काम करत नाहीत. ही युक्ती चांगली. दाबलेला गरम गॅस पुन्हा कमी दाबाच्या बाजूला सोडायचा, हा दुसरा उपाय; माझ्या मते तो म्हणजे एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्याने ओतायची. सुपरमार्केटना मानवला तो ‘रॅक’: एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजी एकाच नळीवर चार-पाच लहानमोठे. पाहुणे किती, त्यावर शेगड्या किती पेटवायच्या ते ठरवावं, तसा हा हिशेब. आधी तो प्रेशर स्विचच्या रांगेने व्हायचा, मग इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. १९७३ नंतर तेल महागल्यावर विजेच्या बिलाकडे मालकांचं लक्ष गेलं, तेव्हा या हिशेबाला खरी किंमत आली.

फ्रीक्वेन्सीच बदलून मोटरचा वेग बदलणारा इन्व्हर्टर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तोशिबाने घरगुती एअर कंडिशनरमध्ये आणला. दुकानांत तो सावकाश पोचला. आता पुष्कळ रॅकमध्ये पहिला कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर असतो, बाकीचे ठरल्या वेगाचे. मोठी पायरी ते चढतात, मधली फट पहिला भरून काढतो.

तरी त्यालाही फार हळू करता येत नाही. वेग उतरला की नळ्यांतला गॅस मंदावतो, त्याच्याबरोबर फिरणारं तेल लांबच्या कॉइलमध्येच साचतं आणि कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. म्हणून गरज नसतानाही कंट्रोलर त्याला अधूनमधून काही मिनिटं मुद्दाम जोरात पळवतो. नव्याने कामाला लागलेली पोरं तो आवाज ऐकून दचकतात आणि यंत्र बिघडलं म्हणून फोन करतात.